मीठ बाजूला ठेवा, बरणी उघडा: आंबवलेल्या चिनी चवी घरच्या कढईत

घरी चायनीज करायचं ठरलं की बहुतेक स्वयंपाकघरांत तीन बाटल्या बाहेर येतात: सोया सॉस, चिली सॉस आणि व्हिनेगर. भाज्या लांबट चिरलेल्या असतात, गॅस मोठा असतो, भातही छान मोकळा झालेला असतो. तरी ताटात येतं ते काळपट, खारट आणि चवीला पोकळ. मग वरून आणखी सॉस पडतो आणि प्रकरण हाताबाहेर जातं.

चीनमधल्या घरगुती स्वयंपाकात आंबवलेले पदार्थ मिठाच्या जागी येतात. पदार्थ शिजल्यावर वरून ओतायच्या त्या गोष्टी नव्हेत. सोयाबीन, बाकला (ब्रॉड बीन्स), गहू, तांदूळ यांवर मुद्दाम बुरशी वाढवायची आणि मग ते भरपूर मिठात महिनोन्‌महिने मुरवायचं, ही तिथली फार जुनी रीत. हूनान प्रांतात छांगशाजवळ मावांगदुई इथे १९७२ मध्ये उत्खनन सुरू झालं. तिथल्या हान राजघराण्याच्या काळातल्या थडग्यात सुमारे २,२०० वर्षांपूर्वीच्या सामानासोबत आंबवलेले काळे सोयाबीनही निघाले. या कामातली मुख्य बुरशी ॲस्परजिलस ओरायझी. ती दाण्यांतली प्रथिनं फोडते, त्यातून ग्लुटामेटसारखी अमिनो आम्लं सुटी होतात आणि जिभेला भरीव, तोंडाला पाणी सुटेल अशी चव लागते. तिलाच उमामी म्हणतात. साधं मीठ खारटपणापलीकडे काही देत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या: यातली कुठलीही बरणी उघडली की मिठाचा डबा कपाटात ठेवायचा.

पहिली पायरी: घरात आहे ती बाटली वाचा

सोया सॉसच्या मागचं लेबल वाचा. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ, फार तर थोडी साखर आणि एखादं प्रिझर्व्हेटिव्ह, एवढीच यादी असेल तर तो आंबवलेला सॉस. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ आणि कॅरॅमल रंग ही नावं यादीत वरच दिसली, तर तो प्रथिनं आम्लाने फोडून झटपट बनवलेला द्रव असतो. त्याला रंग असतो, खारटपणा असतो, पण मुरलेल्या सॉसचा वास आणि गोलाई नसते. स्वस्तातल्या बऱ्याच बाटल्या याच जातीच्या असतात, आणि घरच्या फ्राइड राइसची निम्मी तक्रार तिथेच सुरू होते.

चीनमध्ये भरलेल्या बाटलीवर आणखी एक उपयोगी आकडा असतो: अमिनो आम्लांतल्या नायट्रोजनचा. १०० मिलिलिटरमागे ०.८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर तिथल्या मानकाप्रमाणे ती सर्वांत वरची प्रत, ०.४ ही सर्वांत खालची. मात्र वरून मोनोसोडियम ग्लुटामेट घातलं तरी हा आकडा फुगतो, म्हणून आधी घटकांची यादी आणि मग आकडा.

बाटलीवरच्या ‘लाइट’ या शब्दाने अनेकजण फसतात. लाइट म्हणजे कमी मिठाचा नव्हे. रंगाने फिका, पातळ आणि डार्कपेक्षा सहसा जास्त खारट असा तो रोजच्या चवीचा सॉस. त्याला शेंगचौ म्हणतात. डार्क, म्हणजे लाओचौ, दाट आणि किंचित गोडसर असतो आणि त्याचं काम रंग देण्याचं. नूडल्सना तांबूस-काळा रंग हवा असेल तर अर्धा छोटा चमचा पुरतो. चवीसाठी डार्क सॉस ओतत राहिलं की पदार्थ काळा होतो, चव मात्र जागची हलत नाही.

दोन गैरसमजही इथेच निकाली काढू. ऑयस्टर सॉस या घराण्यातला नाही. तो कालवांचा आटवलेला अर्क, आणि अर्थात शाकाहारी नाही. आणि आपल्या बाजारातली शेजवान चटणी म्हणजे लसूण आणि लाल मिरची तेलात परतून केलेला भारतीय प्रकार. चवीला झकास असते, पण ती आंबवलेली नसल्यामुळे खालच्या कुठल्याच कृतीत बदली म्हणून चालणार नाही.

दुसरी पायरी: दोनच गोष्टी आणा

दुकानाच्या फळीवर दहा बरण्या खुणावतात. त्यातल्या आठ तिथेच राहू द्या. चांगला लाइट सोया सॉस आणि दोबानजियांग, एवढ्यावर महिना-दोन महिने मजेत निघतात.

दोबानजियांग म्हणजे मिरची आणि बाकल्याची आंबवलेली पेस्ट. सिचुआन प्रांताच्या चेंगदू शहराला लागून पीश्येन नावाचा भाग आहे (आता तो चेंगदूचाच पीदू जिल्हा), तिथली दोबानजियांग सगळ्यांत नावाजलेली. बाकल्याचे दाणे सोलून, गव्हाचं पीठ लावून त्यांवर बुरशी येऊ देतात आणि मग ते मिठाच्या पाण्यात मुरवतात. लाल मिरच्या वेगळ्या कुटून मीठ लावून ठेवतात. पुढे दोन्ही एकत्र करून उघड्या अंगणातल्या मोठ्या मातीच्या रांजणांत भरतात. दिवसा ऊन, रात्री दव, रोज ढवळणं, आणि पाऊस आला की झाकणं. वर्षभर मुरलेली पेस्ट लालभडक असते. तीन वर्षं आणि पुढची तपकिरी-काळी, खोल वासाची. नव्याने शिकणाऱ्याने वर्षभराची घ्यावी. तिचा रंग तेलात चांगला उतरतो आणि ती पोळत नाही ना, हे डोळ्यांना कळतं.

अस्सल पीश्येन पेस्टच्या यादीत मिरची, बाकला, मीठ आणि गव्हाचं पीठ यांपलीकडे फारसं काही नसतं. ली कुम कीची ‘तोबान जान’ नावाची बाटली आपल्याकडे त्यामानाने सहज मिळते. ती हाँगकाँगच्या वळणाची, मऊ आणि सौम्य. सुरुवातीला चालेल. लाल तेलात बुडालेलाही एक प्रकार मिळतो. तो दिसतो सुंदर, पण शिजवण्यापेक्षा तोंडीलावणं म्हणून जास्त बरा. मुंबई-पुण्यात आयात माल ठेवणारी दुकानं किंवा ऑनलाइन हाच मार्ग. परदेशात राहणाऱ्यांनी थेट चिनी दुकानात जावं. तिथे हीच पेस्ट कागदी किंवा प्लॅस्टिकच्या साध्या पाकिटात, निम्म्याहून कमी किमतीत पडलेली असते.

तिसरी पायरी: कच्ची चाखा

चमच्याच्या टोकावर थोडीशी घेऊन चाखा. पहिल्यांदा तोंड वाकडं होईल, कारण ती नुसती खाण्याची वस्तूच नाही. पण किती खारट आहे हे एकदा जिभेला कळलं की पुढची मापं तुमची तुम्ही ठरवाल. प्रत्येक कंपनीचा खारटपणा वेगळा असतो, त्यामुळे खाली दिलेली मापंही ब्रह्मवाक्य समजू नका. या लेखात मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि छोटा म्हणजे ५.

चौथी पायरी: तेलात उतरवा

सगळा खेळ या दीड-दोन मिनिटांचा आहे.

दोबानजियांग आधी पाट्यावर किंवा सुरीने बारीक करून घ्या. अख्खे बाकले तोंडात आले तर ते मिठाचे खडे वाटतात. कढईत तेल घाला. दीड मोठा चमचा पेस्टला तीन मोठे चमचे तेल हे ऐकायला जास्त वाटेल, पण मिरचीचा रंग आणि वास तेलातच विरघळतात, पाण्यात नाही. सिचुआनमध्ये यासाठी रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेल वापरतात. आपलं शेंगदाणा तेल उत्तम चालतं.

तेल गरम झालं, पण धूर नाही, अशा वेळी आंच मंद ते मध्यम ठेवून पेस्ट घाला आणि हलवत राहा. सुरुवातीला ती गोळा होऊन बसते. मग कडेने बुडबुडे येतात, तेल हळूहळू नारिंगी आणि मग लाल होतं, आणि कच्चा आंबूस वास जाऊन भाजका, मांसल म्हणावा असा वास सुटतो. तोवर पुढचं काही घालायचं नाही. चिरलेलं आलं-लसूण यानंतर. आधी घातलं तर पेस्टचं तेल लाल होईतो ते करपून जाईल. मोठ्या आंचेवर पेस्ट टाकली तर ती तळाला चिकटून कडू होते, आणि तो कडूपणा साखरेनेही जात नाही. तसं झालं तर कढई धुऊन पुन्हा सुरुवात केलेली बरी.

हात बसण्यासाठी कोबी घ्या. पानं सुरीने न कापता हातानेच फाडा, धुऊन पूर्ण कोरडी करा. वरच्या रीतीने एक मोठा चमचा दोबानजियांग परता, दोन लसणीच्या पाकळ्या घाला, गॅस मोठा करून कोबी घाला आणि दोन-तीन मिनिटं परता. शेवटी चिमूटभर साखर. मीठ नाही, सॉस नाही. भाकरीसोबतही ही भाजी जाते, हे माझं मत; घरातल्या ज्येष्ठांचं वेगळं असू शकतं.

पाचवी पायरी: एक पूर्ण पदार्थ, वांग्याचा

सिचुआनची युश्यांग वांगी करताना खारट, तिखट, आंबट आणि गोड या चारही चवी एकाच कढईत सांभाळायला लागतात, म्हणून शिकण्यासाठी ती उत्तम. युश्यांग म्हणजे माशाच्या वासाचं, पण यात मासा औषधालाही नसतो. माशासाठी वापरायचा मसालाच इथे वांग्याला लागतो. शाकाहारी मंडळींनी निर्धास्त असावं.

लांब, जांभळी, कमी बियांची वांगी ५०० ग्रॅम घ्या. बोटाएवढे तुकडे करून अर्धा छोटा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा. या कृतीत मीठ हातात घ्यायचं ते एवढंच, आणि तेही नंतर धुवायचं. सुटलेलं पाणी टाका, तुकडे धुऊन फडक्याने नीट टिपून घ्या. असं केल्याने वांगं तेल कमी पितं. आता ते तळा किंवा थोड्या तेलात मऊ होईतो परता. मला परतलेलं पुरतं. तळलेलं जास्त लोण्यासारखं होतं हे मान्य.

एका वाटीत दीडशे मिलिलिटर पाणी, दोन छोटे चमचे साखर, एक छोटा चमचा लाइट सोया सॉस एकत्र करून ठेवा. दुसऱ्या वाटीत एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवा. कढईत तीन मोठे चमचे तेलात दीड मोठा चमचा दोबानजियांग लाल होऊ द्या, मग एकेक मोठा चमचा बारीक चिरलेलं आलं आणि लसूण. वास सुटला की पहिली वाटी ओता, उकळी आली की वांगी घाला आणि दोन-तीन मिनिटं रस मुरू द्या. कॉर्नफ्लोअर पुन्हा ढवळून एका वेळी थोडं-थोडं घाला. रस वांग्याला धरून राहिला की थांबा. गॅस बंद करताना दोन छोटे चमचे काळं व्हिनेगर (ते कोणतं आणि नसेल तर काय, हे खाली व्हिनेगरच्या भागात) आणि मूठभर कांद्याची पात.

चाखा. बोथट लागलं तर व्हिनेगरचे दोन थेंब. खारट वाटलं तर अर्धा चमचा साखर आणि जास्तीचा भात. पाणी घालून खारटपणा मोडायला गेलात तर रस पातळ होतो, पुन्हा कॉर्नफ्लोअर लागतं, आणि शेवटी हाती खळ उरते.

याच पद्धतीने पुढे मापो तोफू, म्हणजे तोफूचा (सोया पनीरचा) तिखट रस्सा, करता येतो. चेंगदूतल्या छन कुटुंबाच्या खाणावळीत १८६२ मध्ये त्याची सुरुवात झाली असं सांगतात. तोफूचे चौकोनी तुकडे हलक्या मिठाच्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायचे, मग लाल तेलाच्या रश्श्यात अलगद, न मोडता उकळायचे. खिम्याऐवजी बारीक चिरलेले मशरूम चालतात. वरून पडते ती सिचुआन मिरी, जिने जीभ झिणझिणते. कोकण-गोव्याकडच्या घरात तिची सख्खी नातलग बहुधा डब्यात असतेच: तिरफळ. दोन्ही एकाच वनस्पतिकुळातल्या, एकाच प्रजातिसमूहातल्या. वास वेगळा आहे, त्यामुळे हुबेहूब तीच चव येणार नाही, पण झिणझिण्या येतात. बी काढून टाका, साल कोरडी भाजून भरड कुटा आणि खायला बसताना भुरभुरवा.

तिसरी बरणी: दोउची

सोया सॉस आणि दोबानजियांग हातात बसली की दोउची आणा. हे आंबवून खारवलेले काळे सोयाबीन. ग्वांगदोंग प्रांतातल्या यांगजियांगचे प्रसिद्ध आहेत. दिसायला सुकलेल्या मनुकांसारखे, वासाला उग्र. त्या वासाने घाबरू नका, लागतो एकच मोठा चमचा. पाण्याखालून पटकन धुवा, वरचं मीठ जाईल; भिजत मात्र घालू नका, चवच धुऊन निघते. मग भरड चिरून लसणीबरोबर मंद आंचेवर तेलात परता.

कारल्याशी यांचं जमतं, आणि ग्वांगदोंगच्या घरांत ही जोडी नेहमीची आहे. तिथलं कारलं फिकट आणि कमी कडू. आपलं घेणार असाल तर पातळ चकत्या करून मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढा. मग दोउची-लसणीत मोठ्या आंचेवर परता, चमचाभर सोया सॉस, चमचाभर साखर. गूळ-चिंचेच्या कारल्यावर वाढलेल्या माणसालाही ही भाजी आवडू शकते, कारण कडूपणा लपवण्याऐवजी ती त्याला खमंग जोड देते.

मासे खाणाऱ्यांसाठी याहून सोपं: पापलेटला दोन्ही बाजूंनी चिरा द्या, खाली-वर आल्याच्या कापट्या ठेवा, चिरलेली दोउची, लसूण, एक छोटा चमचा सोया सॉस, चिमूट साखर आणि थोडं तेल एकत्र करून वर पसरा. उकळत्या पाण्यावर ८ ते १० मिनिटं वाफवा. ताटलीत कांद्याची पात पसरून वरून चमचाभर कडकडीत तेल ओतायचं. हळद नाही, कोकम नाही. ज्या ताटात दोउची आहे तिथे गोडा मसाला वा गरम मसाला आणूच नये, दोघांचं भांडण होतं.

फूरू आणि नाळीची भाजी

फूरू म्हणजे आंबवलेला तोफू. बरणीत मिठाच्या, बहुधा मद्य घातलेल्या पाण्यात चौकोनी वड्या असतात. मऊ, जुन्या चीजसारख्या वासाच्या. पांढरा फूरू भाजीसाठी. लाल फूरूला रंग येतो तो लाल यीस्टच्या तांदळामुळे, आणि तो मांसाच्या रश्श्यांत जातो.

ग्वांगदोंगमध्ये पांढरा फूरू घालून जी पालेभाजी परततात ती आपल्याकडची नाळीची भाजी. पाणथळीत उगवणारी, पोकळ देठांची. एक जुडी, साधारण ३०० ग्रॅम, निवडून देठ आणि पानं वेगळी करा. दोन वड्या, बरणीतलं एक छोटा चमचा पाणी, एक मोठा चमचा साधं पाणी आणि चिमूट साखर एकत्र कुस्करा. खूप तापलेल्या कढईत तेल, ठेचलेली लसूण, एखादी सुकी मिरची. आधी देठ, अर्ध्या मिनिटाने पानं, आणि लगेच फूरू. दोन मिनिटांत उतरवा. रेंगाळलात तर पाणी सुटतं आणि भाजी काळी पडते. नाळ मिळाली नाही तर पालकापेक्षा चवळईची कोवळी पानं बरी.

व्हिनेगर आणि मद्य, थोडक्यात

काळ्या व्हिनेगरचे दोन प्रकार ओळखीचे असावेत. जियांगसूतल्या झेनजियांगचं चिकट तांदळापासून होतं आणि किंचित गोडसर असतं. घरात एकच ठेवायचं तर हेच. शान्शीचं ज्वारीपासून होतं. ते उन्हाळ्यात उन्हात आटवतात आणि हिवाळ्यात वरचा बर्फ काढून टाकतात, म्हणून ते दाट आणि तीव्र. दोन्ही शेवटी घालायची, वास उडून जातो. आपलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर हे नुसतं ॲसेटिक आम्लाचं पाणी. तेच हाताशी असेल तर निम्मं घ्या आणि साखर थोडी वाढवा.

शाओशिंग ही झेजियांगमधली तांदळाची वाइन, मद्यांश साधारण १४ ते १८ टक्के. गरम कढईच्या कडेने चमचाभर सोडली की मांस-माशाचा हिवस वास जातो. बदली म्हणून ड्राय शेरी. घरात मद्य चालत नसेल तर सरळ गाळा, भाज्यांच्या कृतीत काही बिघडत नाही. ‘कुकिंग वाइन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत मीठ घातलेलं असतं, ते मात्र हिशेबात धरा.

कोणी जपून, आणि बरणी कशी ठेवायची

एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्ये साधारण अडीच ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली आहे. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी जेवणात असा एकच पदार्थ ठेवून बाकीचं अळणी करावं. सोया सॉस आणि दोबानजियांग दोन्हींत गहू असतो, त्यामुळे ग्लुटेन टाळणाऱ्यांनी लेबल पाहिल्याशिवाय हात लावू नये. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना बाकला वर्ज्य, म्हणजे दोबानजियांगही वर्ज्य. एमएओ इन्हिबिटर गटातली (नैराश्यावरची काही) औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण आंबवलेल्या सोयाबीनमध्ये टायरामिन असतं.

बाकी सांभाळ लोणच्यासारखाच: कोरडा चमचा, ओला हात नाही, झाकण घट्ट. दोबानजियांग आणि फूरू उघडल्यावर फ्रिजमध्ये. फूरूच्या वड्या नेहमी पाण्याखाली बुडलेल्या राहिल्या पाहिजेत. सोया सॉसही फ्रिजमध्ये ठेवला तर रंग आणि वास जास्त टिकतो. दोउची घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात महिनोन्‌महिने राहते. पावसाळ्यात मात्र तीही फ्रिजमध्ये हलवा. फूरूवर कधी पांढरे, वाळूसारखे टणक कण दिसतात. ते टायरोसीन या अमिनो आम्लाचे स्फटिक, खायला हरकत नाही. हिरवी किंवा काळी लव दिसली तर वरवर खरवडत बसू नका, सगळी बरणी टाका.